सोनं तिचं, मजुरी त्याची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. व्यापारानं या गावात पैसा खेळला, पेढ्या उभ्या राहिल्या, सराफा भरभराटीला आला, त्याची ती आठवण. मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. ही म्हण वर्गात निघाली की एक प्रश्न मी हटकून विचारत असे: पाळण्यातलं हे सोनं कुणाचं? मुलं म्हणत, व्यापाऱ्यांचं. कुणी म्हणे, निजामाचं. जिच्या अंगावर ते सोनं असायचं तिचं नाव फारसं कुणी घेत नसे.

मृगाच्या तोंडावर सराफाच्या दुकानात थोडा वेळ बसून पाहावं. बियाण्याला, खताला पैसा हवा म्हणून दागिने गहाण ठेवायला माणसं येतात. दागिना बाईचा असतो, चिठ्ठी पुरुषाच्या नावानं फाटते. बाई बरोबर आलेली असलीच तर बाकाच्या टोकाला बसलेली दिसते. यात प्रत्येक वेळी जुलूम असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पेरणी दोघांची, अडचणही दोघांची. त्यानं विचारलं, तिनं काढून दिलं, सुगीला सोडवून आणलं, तर तो संसारच झाला. पण न विचारता कपाटातून नेलं, कशासाठी नेलं ते सांगितलं नाही, आणि चिठ्ठी कुठं आहे म्हणून विचारलं तर हात उगारला, याला काय म्हणायचं? आपल्याकडं याला फार दिवस नावच नव्हतं. 'त्यांचा कारभार आहे' एवढंच म्हटलं जायचं. २००५ सालच्या कायद्यानं त्याला नाव दिलं: आर्थिक छळ.

नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे, आणि आपल्या पूर्वजांना ती कळत नव्हती असंही नाही. म्हणून आधी थोडं मागं जाऊ.

याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, सहावा विक्रमादित्य राज्य करत होता त्या काळात. मराठवाड्याला हे गाव परकं नाही. पुढं कित्येक पिढ्या ते आणि आपण निजामाच्या एकाच राज्यात नांदलो. इंग्रजी अमलात बंगाल वगळता जवळजवळ सगळ्या देशात हिंदू कुटुंबांच्या मालमत्तेचे वाद याच ग्रंथाच्या आधारानं चालले. त्यात स्त्रीधनाचा विचार सविस्तर आहे. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, आईबापांनी, भावानं, नवऱ्यानं दिलेलं, ते सगळं तिचं. मात्र स्मृतिकारानं नवऱ्यासाठी चार दारं उघडी ठेवली. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात आणि तो कैदेत अडकला असेल तर नवऱ्यानं स्त्रीधन घ्यावं, आणि मग ते परत करण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

चारांपैकी दुष्काळाचं दार पाहा. शास्त्रानं तो अपवाद धरला. आपल्या भागात तो जवळजवळ घरचाच माणूस आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढं अजून आहे. २०१२-१३ मध्ये जालन्यात पिण्याच्या पाण्याचे हाल झाले आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा मुलखात हा अपवाद किती वेळा लागू होत असेल आणि दर वेळी किती डोरली, किती पाटल्या मोडीत गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

कात्यायन या दुसऱ्या स्मृतिकाराचा ग्रंथ आज अखंड मिळत नाही. त्याची वचनं इतर ग्रंथांत विखुरलेली होती. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ती गोळा करून १९३३ साली प्रसिद्ध केली. ती वाचताना मी थक्क झाले. कात्यायन म्हणतो की नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांपैकी कुणालाही स्त्रीधन घेण्याचा किंवा खर्च करण्याचा अधिकार नाही. जबरीनं घेतलं तर व्याजासकट परत करावं लागेल. दोन बायकांच्या नवऱ्यानं एकीला टाकलं असेल, तर तिनं प्रेमानं दिलेलं धनसुद्धा राजानं त्याच्याकडून वसूल करावं. आणि जिथं बाईचं अन्न, वस्त्र, निवारा तोडला जातो तिथं तिनं आपलं जे असेल ते मागून घ्यावं. आजच्या भाषेत हा आर्थिक छळाचाच विचार आहे, आणि तो इतका स्पष्ट की एखाद्या दंडाधिकाऱ्यानं आदेशात लिहावा.

पण याच कात्यायनाचं आणखी एक वचन आहे. संसारात असताना बाईनं स्वतःच्या हुन्नरानं, कसबानं जे मिळवलं त्यावर मात्र त्यानं नवऱ्याची सत्ता सांगितली. पुढच्या टीकाकारांनी आणि इंग्रजी न्यायालयांनी या वचनाचा अर्थ प्रांताप्रांतात वेगळा लावला, तो पंडितांचा वाद आपण बाजूला ठेवू. मला त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते. तिला भेट म्हणून मिळालं ते तिचं. तिनं राबून मिळवलं ते त्याचं. माहेरचं सोनं तिचं, हातची मजुरी त्याची. कोट्यवधी बायकांच्या अंगावर सोन्याचा कण नव्हता, होते ते फक्त हात. त्यांच्यासाठी या सगळ्या शास्त्रार्थात काय उरलं?

वरच्या वर्गात मात्र वेगळ्या खात्याची सोय होती, आणि त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचं आहे. अंबडला अहिल्याबाई होळकरांच्या बांधकामांची आठवण लोक अभिमानानं सांगतात. देशभर घाट, मंदिरं, विहिरी बांधायला त्यांच्याकडं पैसा कुठून आला? होळकरांच्या दौलतीतून नव्हे, 'खासगी'तून. १७३४ साली बाजीराव पेशव्यांच्या काळात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर लावून देण्यात आली, तिला खासगी म्हणत. सासूनंतर ती सुनेकडं, म्हणजे अहिल्याबाईंकडं आली. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. मराठी कागदपत्रांत 'चोळी-बांगडी'साठी गावं लावून दिल्याचे उल्लेखही सापडतात. म्हणजे बाईच्या हातात तिचा म्हणून पैसा असावा ही कल्पना तेव्हा कुणाला अधर्माची वाटत नव्हती. फक्त ती वाड्याच्या उंबऱ्याबाहेर फारशी आली नाही.

इंग्रजांनी १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. बाईची कमाई ही तिची स्वतःची मालमत्ता असं त्यात नि:संदिग्धपणे म्हटलं आहे. आणि त्याच कायद्यात पुढं लिहिलं आहे की हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन बायकांना तो लागू नाही. मग उरलं कोण, हे आपण ओळखाल.

मुंबईत दहाच वर्षांनी, १८८४ साली, दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंना नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. तो खटला संमतीवय आणि बालविवाह यांच्या चर्चेत प्रसिद्ध आहे, पण त्याच्या तळाशी पैसा होताच. रखमाबाईंच्या नावावर वडिलांकडून आईमार्फत आलेली मालमत्ता होती, आणि नवऱ्याला पोटापाण्याचं साधन नाही हा त्यांच्या बाजूचा एक मुद्दा होता. १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. १८८८ मध्ये तडजोड झाली ती दादाजींना दोन हजार रुपये देऊन. बायकोनं स्वतःची सुटका पैसे मोजून घेतली. पुढं त्या डॉक्टर झाल्या. ज्यांच्याजवळ दोन हजार नव्हते त्यांचे खटले इतिहासात आलेच नाहीत.

१९३७ साली मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा देणारा कायदा झाला, तोही हयातीपुरता. फेडरल कोर्टानं १९४१ मध्ये सांगितलं की शेतजमिनीला तो लागू होत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी त्याचा उपयोग थोडाच. त्यात मराठवाडा निजामाच्या राज्यात. गोदावरीपलीकडच्या नगर जिल्ह्यात कायदा होता, अलीकडं नव्हता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो इथं पोचला. तोवर १९५६ चा वारसा कायदा दारात आलाच, आणि त्यानं हिंदू बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केलं.

१९३९ सालचा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा मात्र मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण त्याची आठवण आपल्याकडं फार कमी निघते. नवऱ्याच्या क्रूरपणामुळं बाई तलाक मागू शकते, आणि क्रूरपणा म्हणजे काय याची यादी त्यात दिली आहे. त्या यादीत मारहाणीच्या बरोबरीनं एक कलम आहे: तो तिची मालमत्ता विकून टाकत असेल किंवा तिच्या मालमत्तेवरचा हक्क तिला बजावू देत नसेल तर. २००५ च्या कायद्याआधी सहासष्ट वर्षं. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथं कितीतरी मुस्लिम कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात, हे कलम शाळेत शिकवायला हरकत नव्हती.

आता सोन्याकडून हातांकडं येऊ.

दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्या रिकाम्या होतात. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. या धंद्यात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे पूर्ण जोडीच्या अंगमेहनतीवर. पैसे मोजून घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची. फडात तो ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. त्याआधी पहाटे उठून तिनं भाकरी थापलेल्या असतात, पाणी आणलेलं असतं. एक दिवस बुडाला तर खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तोही जोडीचा. बाकी अंगावर राहिली तर पुढच्या वर्षी ती फेडायला पुन्हा जोडीनंच जायचं.

ऊसतोडीहून परतलेल्या बायकांशी मी जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा एक गोष्ट विचारली: यंदा उचल किती घेतली होती? पुष्कळजणींना आकडा ठाऊक नसे. काहींना ठाऊक होता, पण तो कुठं गेला ते ठाऊक नव्हतं. कर्ज दोघांच्या पाठीवर, पैसा एकाच्या खिशात. घरखर्चाला, लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला गेला तर निदान डोळ्यांना दिसतो. दारूत किंवा पत्त्यांत गेला तर दिसत नाही, फेडावा मात्र तिलाही लागतो. आणि मार सोसून ती वेगळी निघाली तर? अर्ध्या कोयत्याला काम मिळणं मुश्कील. नवरा सोडला की रोजगारही सुटतो. घरात डांबून ठेवायला इथं कुलूप लागत नाही, हिशेबाची पद्धतच पुरते. पोराचा पूर्ण कोयता व्हावा म्हणून लहान वयात लग्नं उरकली जातात, हाही याच पद्धतीचा एक फाटा.

कात्यायनाचं ते वचन या फडावर कुणी वाचलेलं नाही. तरी बायकोच्या कमाईवर नवऱ्याची सत्ता हे तत्त्व तिथं जसंच्या तसं उभं आहे.

याउलट चित्र याच मातीत एकदा दिसलं होतं. १९७२ च्या दुष्काळात जालना हा वेगळा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली, पाझर तलाव, रस्ते निघाले. सुकडी वाटली गेली. त्यातून रोजगार हमी योजना रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेत कितीही गैरप्रकार झाले असले, आणि ते झालेच, तरी तिच्या हजेरीपटावर बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहिलं जात होतं. नवऱ्याच्या नावाखाली नव्हे. दर कामाचा होता, पुरुषाला एक आणि बाईला एक असा नव्हता. मजुरी तिच्या अंगठ्यावर तिच्या हातात पडे. घरी पोचेपर्यंत ती तिच्याकडं राहिलीच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आपली मेहनत किती रुपयांची हा आकडा तिला कळे, आणि आठवडी बाजारात मीठ-मिरची घेताना तो तिच्या कनवटीला असे. एकाच जिल्ह्यात, कित्येकदा एकाच बाईनं, दिवाळीनंतर उसाच्या फडात आणि उन्हाळ्यात रोहयोच्या कामावर अशा दोन्ही पद्धती पाहिल्या. फरक फक्त कागदावर नाव कसं लिहिलं याचा होता.

जमिनीच्या कागदाचंही तसंच. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला: शेतकऱ्यानं आपणहून जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा. बायकोवर उपकार म्हणून नव्हे, तिच्या राबण्याचं देणं फेडायचं म्हणून, ही त्यातली मांडणी मला फार मोलाची वाटते. शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरवलं जाई. १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढून, नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट करून दिली. सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे कारभार हाती आला असं नाही, हे खरं. पण तिच्या सहीवाचून तिचा हिस्सा विकता येत नाही, एवढा अडसर तरी पडतो. जुगारी नवऱ्याच्या घरात तो अडसर फार मोठा असतो.

माहेरच्या जमिनीत मुलींना हक्क मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली. तरी तलाठ्याकडं बहिणींची हक्कसोडपत्रं येतच असतात. लोक म्हणतात, बायकांनाच नको असतं. मला ते पटत नाही. सासरी हातात पैसा नसलेल्या बाईला उद्या हाकलून दिलं तर जायला एकच दार असतं, भावाचं. ते उघडं राहावं म्हणून ती सही करते. नवऱ्याच्या घरातली तिची तंगी भावाच्या सातबाऱ्यात अशी दिसते.

आणि ज्यांच्याकडं ना सोनं, ना सातबारा, त्यांनी काय केलं? डाळीच्या डब्यात, गोधडीच्या शिवणीत, पदराच्या गाठीत नोटा ठेवल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरी हे गुपित उघडं पडलं. बदलून आणायला नवऱ्याच्या हाती द्याव्याच लागल्या. त्यावर तेव्हा विनोद पुष्कळ झाले. ज्या घरात नवऱ्याला हसू आलं तिथं ठीक. जिथं 'माझ्यापासून लपवलंस' म्हणून मारहाण झाली तिथं त्या नोटा म्हणजे तिचं पळून जाण्याचं गाडीभाडं होतं.

आता २००५ च्या कायद्याकडं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाच्या पंक्तीला आर्थिक छळ बसवला आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा जो अहवाल भरतात त्याच्या नमुन्यात आर्थिक छळाचे प्रकार एकेका ओळीत दिले आहेत. घरखर्चाला आणि मुलांना पैसे न देणं. अन्न, कपडे, औषध न देणं. नोकरी करू न देणं. पगार किंवा मजुरी हिसकावून घेणं, किंवा ती वापरू न देणं. स्त्रीधन न सांगता, संमतीवाचून विकणं किंवा गहाण टाकणं. घराचं भाडं, विजेचं बिल न भरणं. कात्यायनानं जिथं नवऱ्याची सत्ता सांगितली ती मजुरीसुद्धा या ओळींत आली आहे.

गरिबी आणि छळ यांत गल्लत करू नये, हे मला निक्षून सांगायचं आहे. दोघं मिळून उपाशी राहतात तो छळ नव्हे. त्याच्या दारूला, मित्रांना, मोबाइलला पैसे निघतात आणि मुलाच्या वहीला निघत नाहीत, तिथं संशय घ्यावा. बाईनं दहा रुपये मागितले तर तिला भीती वाटते का? मिळवलेले पैसे तिच्याकडं राहतात का? घरावर कर्ज किती आहे हे तिला ठाऊक आहे का? शेवटचा प्रश्न मराठवाड्यात जिवावरचा आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सावकार दारात आल्यावरच विधवेला कर्जाचा आकडा पहिल्यांदा कळतो, असं कितीतरी घरांत घडलं आहे. तो नवरा दुष्ट होता असं नाही. बाईला हिशेब सांगायचा नसतो ही रीत मात्र तिच्या मुळावर आली.

छळाची नवी रूपंही आहेत. बचत गटातून किंवा छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीकडून कर्ज बायकोच्या नावावर काढायचं, पैसा नवऱ्यानं वापरायचा आणि वसुलीवाल्याला तोंड तिनं द्यायचं. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत महिना दीड हजार रुपये बाईच्या खात्यात देण्यास सुरुवात झाली. खातं तिचं, हे चांगलंच झालं. पण खात्याला जोडलेला मोबाइल कुणाच्या खिशात आणि कार्डाचा आकडा कुणाला पाठ, हे पाहिल्याशिवाय पैसा कुणाचा ते सांगता येणार नाही.

काय करता येतं? सुरुवात कागदानं करावी. आपल्याकडं लग्नात 'याद' होते. देण्याघेण्याचं सगळं लिहिलं जातं, पण ती याद मुलीकडं कधीच नसते. वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून सही करावी आणि वधूची यादी वधूकडं राहावी, असा नियम १९८५ पासून आहे. ती यादी, सोन्याच्या पावत्या, दागिने घातलेले फोटो यांची एक प्रत भरवशाच्या माणसाकडं ठेवावी. खात्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. सातबारा आता संगणकावर पाहता येतो, शाळेतली मुलगीसुद्धा दाखवू शकते. आणि घरात जिवाला धोका असेल तर यातलं काही गाजावाजा करून करू नये. आधी सुरक्षित जागा, मग कागद.

पुढची पायरी संरक्षण अधिकारी, जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी केंद्र किंवा १८१ ही हेल्पलाइन. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दंडाधिकारी नवऱ्याला स्त्रीधन परत करायला सांगू शकतात, बँकेच्या खात्याला, लॉकरला किंवा मालमत्तेला हात लावू नको म्हणून बजावू शकतात, पोटगी देऊ शकतात. ती देत नसेल तर त्याच्या मालकाला आदेश देऊन पगाराचा भाग परस्पर तिला देववू शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून पुष्कळ लांबतात, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणून अर्जातच अंतरिम आदेश मागून घ्यावा.

तिला स्वतःला जाता येत नसेल तर? असा छळ चालू आहे अशी खात्री असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते: शेजारीण, भाऊ, शाळेतल्या बाई, अंगणवाडी ताई. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्यासाठी दावा लावता येत नाही, असं कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे.